कोळसा घालावा की नाही

दुकानातला रादोवान म्हणतो, घाला.
नारळाच्या करवंटीचा आहे, खाणीतला नव्हे,
भाजून भाजून आतून भोकं पाडलेला.
चार चिमटी घेतल्या तर, म्हणे, आत फुटबॉलचं मैदान मावतं.
मी दाणे तळहातावर घेतले.
हात काळा झाला.
एवढं तरी ओळखीचं निघालं.

कोळसा पाणी साफ करतो
असं कार्विनात कुणाला सांगून बघा.
एकतीस वर्षं मी खाणीच्या दिवाघरात होते.
खिडकीतून दिवा द्यायचा, पितळी बिल्ला घ्यायचा,
पाळी सुटली की दिवा आत, बिल्ला बाहेर.
एखादा बिल्ला खिळ्यावर राहिलाच
तर त्याच्याकडे बघत
कुणी काही बोलायचं नाही.
माझ्या भावाचे सदरे तीन पाण्यांतून काढले
तरी चौथं पाणी काळंच.

टाकी त्याची, बोर्झिवोयची. दोनशे लिटर.
फेब्रुवारीत तो गेला आणि मासे माझ्याकडे आले:
बावीस निऑन, चिखल हुंगणारे सहा कोरी,
आणि एक म्हातारी एंजलफिश,
जी अजून माझ्याकडे पाठ करून असते.

पाणी त्याने कोऱ्या चहासारखं ठेवलेलं.
आमच्याकडे नदी ओल्शे आणि काठावरचं झाडही ओल्शे.
पानं झडली की त्या झाडांची काळी बोंडं तोडायचा,
वर्तमानपत्रावर वाळवायचा,
मूठभर मोज्यात बांधून पाण्यात सोडायचा.
(मोजा माझा. विचारलं नव्हतं.)
सावलीतल्या नदीचे जीव ते, म्हणायचा,
लख्ख उजेडात त्यांना काय दाखवायचंय तुला?
आणि कोळसा?
तो खाली पुरेसा झाला, म्हणायचा.

एप्रिलात निऑनवर पांढरे ठिपके आले,
जेवताना कुणी मीठ भुरभुरावं तसे.
रादोवानने निळं औषध दिलं.
ठिपके गेले. चार मासेही गेले.
पाणी शेवाळी होऊन बसलं, ना त्याचं, ना माझं.
आता कोळसा, रादोवान म्हणाला, आठ दिवस.
औषध शोषून घेईल.
आणि चहाचा रंग?
तोही. त्याला काय कळतंय.

त्याला काय कळतंय.
पंपाच्या गुरगुरीत मी रात्री दोनपर्यंत बसले.
पिशवीत अकरा बोंडं उरलेली.
औषध कुठलं आणि बोर्झिवोय कुठला
हे दाण्यांना कोण सांगणार?
मग उठले. कोळसा धुतला, नळाखाली, सात वेळा.
घातला.

तिसऱ्या दिवशी पाणी इस्पितळाच्या काचेसारखं.
निऑन पेटल्यासारखे. मला ते आवडले,
आणि आवडले म्हणून स्वतःचा राग आला.
पाचव्या दिवशी दिसलं:
मागच्या कोपऱ्यात, मुळांच्या आड, पाटीचा दगड,
त्यावर नेच्याचं पान.
कोरलेलं नव्हे. कोळशाइतकंच जुनं, दगडात दाबून राहिलेलं.
डब्याच्या डब्यात लपवून वर आणलं असणार.
इतकी वर्षं चहात बुडवून ठेवलं,
मला सांगितलं नाही.

उगाळावा तितका काळाच, म्हणतात.
मी उगाळला नाही. फक्त पाण्यात ठेवला.

नवव्या दिवशी पिशवी काढली.
भरलेला कोळसा घेतलेलं परत सोडतो, असं एक गिऱ्हाईक म्हणत होतं,
रादोवान म्हणाला, छे, काही सोडत नाही,
आणि दोघं माझ्यासमोर भांडले.
मी ती बाल्कनीत निथळायला लावली, खिळ्यावर.
अजून तिथेच आहे.

पाच बोंडं मोज्यात बांधून पाण्यात सोडली.
सहा ठेवलीत.
पानं झडली की काठावर जावं लागेल.
झाडं पुष्कळ आहेत.
तो नेमकी कुठली तोडायचा, कोण जाणे.